बोरमाळ हॉल्ट: एका नसलेल्या ठिकाणाविषयी

रेल्वेच्या परिभाषेत स्टेशन वेगळे आणि हॉल्ट वेगळा. हॉल्टवर स्टेशनमास्तर नसतो, सिग्नल नसतो, गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी दुसरा रूळ नसतो. तिकिटे विकायला बहुधा गावातलाच कुणीतरी कमिशनवर नेमलेला असतो; तो जवळच्या मोठ्या स्थानकातून तिकिटे आणतो आणि गाडीच्या वेळेपुरती खिडकी उघडतो. गाडी गेली की खिडकी बंद, आणि मग दिवसभर तिथे वारा, शेळ्या आणि एखादा झोपलेला माणूस. साहित्यप्रकारांच्या उतरंडीत ललित लेखाचे जे स्थान, साधारण तेच रेल्वेच्या उतरंडीत हॉल्टचे आहे. असला तर बरे, नसला तरी मुख्य वाहतूक अडत नाही.

गेली तीन वर्षे, सुट्ट्यांमध्ये आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमधून उरलेल्या वेळात, मी अशा एका हॉल्टची प्रतिकृती करते आहे. खरे तर ‘प्रतिकृती’ हा शब्द इथे लागू पडत नाही. कारण जिची प्रत काढावी अशी मूळ कृतीच अस्तित्वात नाही. हॉल्टचे नाव बोरमाळ. बार्शीहून लातूरकडे जाताना बालाघाटाचा चढ सुरू होण्याआधी तो लागतो, असे मी ठरवले आहे. एकूण विस्तार १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद प्लायवूडचा एक तुकडा. प्रमाण १:८७, म्हणजे प्रत्यक्षातली जेमतेम १०४ मीटर लांबीची जमीन. माणूस दोन सेंटिमीटरहून किंचित बुटका. जुन्या जाड पुठ्ठ्याचे तिकीट करायचे म्हटले, तर ते मोहरीच्या दाण्याहून लहान होईल. बार्शी लाइट रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. १:८७ या प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर भरते, आणि बाजारात मिळतात ते तयार रूळ ९ मिलिमीटरचे. पाव मिलिमीटरच्या या तडजोडीवर माझे सगळे विश्व उभे आहे.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली ही छोटी रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, आणि २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) या रुळांवर आधी गँगमन आणि मग कीमन होते. माझ्या एम.ए.पर्यंतच्या शिक्षणाची फी या अडीच फुटांतून आली, असे म्हणायला हरकत नाही.

मग एखादे खरेच स्टेशन का करत नाही, असे सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि छोट्या रेल्वेच्या कलेत तो जुनाही आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या लाँग विटनहॅम या खेड्यात पेंडन नावाचे संग्रहालय आहे. त्याचे संस्थापक रॉय इंग्लंड हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. त्या परिसरातली जुनी, गवताने शाकारलेली घरे डोळ्यांदेखत नाहीशी होताना पाहून त्यांनी ती एकेक मापून जशीच्या तशी लहान आकारात उभारण्याचे व्रत घेतले. त्याच संग्रहालयात जॉन अहर्न यांची मॅडर व्हॅली रेल्वेही ठेवलेली आहे. तिच्यातली गावे, बंदर, दरी सगळे मनातले. मापून काढलेले आणि मनाने रचलेले असे दोन्ही एकाच छपराखाली नांदते आहे. पहिल्या प्रकाराला आपण दस्तऐवज म्हणू, दुसऱ्याला कथा. माझ्यापुरते सांगायचे तर दस्तऐवजासाठी लागणारी सामग्रीच माझ्याजवळ नाही. अण्णांच्या सेक्शनमधल्या हॉल्टचे एकही छायाचित्र घरात नाही. गँगमनच्या घरात कॅमेरा नसतो.

कथा लिहिणे सोपे, असे मात्र कुणी समजू नये. वर्गात ॲरिस्टॉटल शिकवताना संभवनीयतेचा मुद्दा येतो. घडणे शक्य असूनही पटत नाही अशा गोष्टीपेक्षा, अशक्य असूनही पटते अशी गोष्ट कवीने पत्करावी, असे तो सांगतो. हे वाक्य मी वीसेक वर्षे शिकवते आहे. त्याचा हिशोब मात्र प्लायवूडवर मांडावा लागला. साधे उदाहरण द्यायचे तर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नसलेल्या गावाची उंची किती? बार्शी पाचशे मीटरच्या थोडी वर आहे, लातूर सहाशेच्या वर. तेव्हा बोरमाळने या दोन आकड्यांच्या मधेच कुठेतरी राहायला हवे. मी ५४८ लिहिले. हा आकडा खोटा आहे, पण बेजबाबदार नाही.

ऋतूचेही तेच. महिना मार्च ठरवला, की रब्बीची ज्वारी काढून झालेली असणार, शेतात धसकटे उरलेली असणार, बाभळीला पाला असणार आणि काळी जमीन भेगाळायला लागलेली असणार. परदेशी बनावटीची तयार गवताची पूड मिळते, पण तिचा हिरवा रंग पावसाळी कुरणाचा. तो आपल्या मार्चमध्ये शोभत नाही. म्हणून काळ्या मातीसाठी वापरून वाळवलेली चहापूड, धसकटांसाठी काथ्या, रुळांखालच्या खडीसाठी क्रशरवरची चाळलेली कच, आणि बाभळीसाठी जुन्या विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारा. गाडी डावीकडून येते आणि उजवीकडे जाते. दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याआड थोडी लपलेली जागा आहे. नाटकवाल्यांना ती लगेच कळेल: ती विंग आहे. डावीकडच्या विंगेत बार्शी, उजवीकडच्या विंगेत लातूर.

प्लायवूड अजून कोरे होते तेव्हाच अण्णांनी पहिला प्रश्न विचारला. मला वाटले होते ते एंजिनाविषयी विचारतील, डब्यांविषयी विचारतील. त्यांनी विचारले, “ह्यात पाणी कुणीकडनं कुणीकडं जातंय?” रुळांची राखण करणारा माणूस सगळ्यात आधी पाण्याचा विचार करतो. पाणी खडीत साचले की रूळ खचतो. त्या एका प्रश्नाने बोरमाळचा भूगोल ठरला. उत्तरेकडून उतार आला, उतारापाठोपाठ रुळाकडेचा चर आला, चराचे पाणी पलीकडे काढायला दगडी मोरी आली, मोरीपलीकडे ओढा आला आणि ओढ्याकाठी बोरी आल्या. गावाचे नाव तोवर नुसते नाव होते. माळावर बोरी उगवल्यावर त्याला अर्थ आला. माझ्या एका विद्यार्थिनीने मात्र आपल्या आजीच्या गळ्यातल्या बोरमाळेवरून हे नाव ठेवले असावे, असा तर्क केला. वाचकाचा हा अधिकार मी मान्य केला.

दुसरा प्रश्नही पाण्याचाच होता, पण निराळ्या पाण्याचा. “प्यायचं पाणी कुठं हाय?” मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला हापसा दाखवला. अण्णा थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “हां. हापसा असू दे. हितं कोण कुणाला विचारत नाही.”

या वाक्याचा संदर्भ सांगायला हवा. आम्ही गावाच्या वेशीबाहेरच्या वस्तीतले. अण्णांना रेल्वेत नोकरी लागली, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदाच कुणाला तरी दरमहा रोख पगार मिळू लागला, आणि गावकीच्या कामातून घराची सुटका झाली. त्यांच्या लेखी हॉल्ट ही गावाची शोभा नव्हती. गावातून बाहेर पडायची ती वाट होती. म्हणून बोरमाळच्या प्लॅटफॉर्मवर दोन पायवाटा येतात. एक गावाकडून येते, रुंद, बैलगाडीच्या चाकोऱ्यांची. दुसरी वस्तीकडून येते, अरुंद, पण जास्त मळलेली. पाहणाऱ्याला दोघींतला फरक सांगावा लागत नाही.

तरीही स्टेशन म्हणजे मुक्ती, असे सोपे समीकरण मांडायचा मोह मला आवरावा लागतो. आपल्या साहित्यविचारात दोन स्टेशने समोरासमोर ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक मालगुडी. १९३५ मध्ये ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध झाली. त्या गावाचे चिमुकले रेल्वे स्टेशनच आपल्या नजरेसमोर आधी आले, असे आर. के. नारायण यांनी सांगितले आहे. दुसरे मसूर, सातारा जिल्ह्यातले, अगदी खरे. १९०१ मध्ये वडिलांना भेटायला निघालेला लहानगा भीमराव घरातल्या इतर मुलांसह तिथे उतरला. न्यायला कुणी आले नव्हते. मुलांचे चांगले कपडे पाहून आपुलकीने चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरचा चेहरा मुलांची जात कळताच बदलला. गाडीवान तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकत मुले निघाली, आणि रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये डॉ. आंबेडकरांनी हे नोंदवून ठेवले आहे. मालगुडीच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहिले की मसूर दिसत नाही; मसूरच्या प्लॅटफॉर्मवरून मात्र मालगुडीची लोभस शांतता नीट तपासता येते. बोरमाळच्या हापशाची जागा ठरवताना ही दोन्ही स्टेशने माझ्यासमोर होती.

ग्रामीण जीवनाच्या चित्रणावर आपण स्मरणरंजनाचा आरोप करतो तेव्हा नेमके काय म्हणत असतो? जुन्याची आठवण काढणे हा काही दोष नव्हे. ज्या श्रमावर ते जुने उभे होते तो श्रम आठवणीतून गळतो, हा दोष आहे. लहान आकाराच्या वस्तूंत हा धोका अधिक, कारण लहान केलेली प्रत्येक गोष्ट गोंडस दिसते. दोन सेंटिमीटरची झोपडीही गोंडसच. म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: बोरमाळमध्ये ठेवलेल्या प्रत्येक वस्तूबाबत ती कुणी आणली आणि तिची निगा कोण राखते, हे मला सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर ती काढून टाकायची. या नियमाने एक सुरेख तुळशीवृंदावन गेले आणि मुरमाचा एक ओबडधोबड ढीग आला.

सगळ्यात शेवटी कीमन केला. तारेचा सांगाडा, वर पुटी, खांद्यावर हातोडा, हातात पाना. रोज आपल्या हद्दीतला सगळा रूळ पायी तपासायचा, ढिले झालेले ठोकायचे, हे त्याचे काम. प्लॅटफॉर्मवर त्याला जागा नाही. तो उजव्या कडेला, विंगेत शिरायच्या एक पाऊल अलीकडे आहे. अण्णांनी त्याला बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “ह्याची बीट केवढी?” मी म्हटले, फळी संपते तिथवर, शंभर मीटर. अण्णा हसले. “मग ह्याचं ऱ्हायलेलं काम कोण करनार?”

दुसऱ्या फळीचे माप मी घेऊन ठेवले आहे. लांबी तीच, १२० सेंटिमीटर. तिच्यावर हॉल्ट नसेल, गावही नसेल. नुसता रूळ, दोन मोऱ्या, चर आणि मार्चमधली बाभूळ. उतार कुणीकडे ठेवायचा, ते अण्णा सांगणार आहेत.