घरची शाळा आणि उघडे दार

आमच्या वर्ध्यात दोन गोष्टींचा तुटवडा कधी पडत नाही. एक ऊन आणि दुसरी शिक्षणाविषयीची मते. मे महिन्यातल्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण रसवंतीच्या सावलीत दोन मास्तर भेटले, तर मातृभाषा, हस्तोद्योग आणि परीक्षा या तीन विषयांचा निकाल लावल्यावाचून ते उठायचे नाहीत. यात त्यांचा दोष नाही. गावाचाच हा गुण आहे. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, २२ आणि २३ तारखांना, येथे शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्षस्थानी होते. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'वर्धा योजना' हे नाव देशभर झाले. एखाद्या गावाच्या नावाने साडी प्रसिद्ध होते, एखाद्याच्या नावाने चिवडा. आमच्या गावाच्या नावाने शिक्षणपद्धती प्रसिद्ध झाली. तिचा थोडा अभिमान आणि थोडे ओझे आम्ही सारेच वाहतो.

मी येथल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मराठीच्या अध्यापकाची शिक्षणविषयक मते सहसा व्याख्यानातच राहतात. माझी मात्र तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी थेट बैठकीच्या खोलीत येऊन बसली. माझा एक जुना विद्यार्थी पत्नीला घेऊन आला होता. तो विमा कचेरीत नोकरीला, ती रुग्णालयात परिचारिका. घराणे मराठी ख्रिस्ती. आजोबा अहमदनगरकडून इकडे आलेले. चहा झाला, तरी विषय निघेना. शेवटी तो म्हणाला,

"सर, मुलीला आम्ही शाळेतून काढतोय. घरीच शिकवायचं ठरवलंय. मराठीचं तेवढं तुम्ही बघा."

मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी माध्यमाच्या तिसरीत. वर्गात पहिल्या पाचांत. मग बिघडले कुठे, असे मी विचारले, तेव्हा तो गप्प राहिला आणि त्याची पत्नी बोलू लागली. घरात सासूबाई आहेत. त्यांचे डोळे अधू झालेले. एके दिवशी त्यांनी नातीच्या हाती आपले पवित्र शास्त्र दिले आणि एक स्तोत्र वाचून दाखवायला सांगितले. मुलगी दोन ओळी अडखळत वाचून थांबली. जोडाक्षरे तिला फुटेनात. "आजी, हे इंग्लिशमध्ये नाही का?" असे विचारून तिने पुस्तक मिटले.

"त्या काही बोलल्या नाहीत, सर," ती म्हणाली. "पण ते पुस्तक त्यांनी पुन्हा तिच्या हाती दिलं नाही."

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला हे वाक्य काय करते, हे मी सांगायला नको.

पण वाक्य मनाला लागले म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही. मी त्यांची कारणे एकेक करून विचारली. ती तीन निघाली. पहिले, मुलीवर श्रद्धेचे संस्कार व्हावेत. दुसरे, तिला थोडी उसंत मिळावी. सकाळी साडेसहाची बस, दुपारी शाळा सुटली की शिकवणी, रात्री गृहपाठ, आणि घरच्या प्रार्थनेला पोर बसते ती डुलक्या घेतच. तिसरे कारण भाषेचे. अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांविषयी त्याने पुष्कळ वाचले होते. तेथे हे खूळ नव्हे, मोठी चळवळ आहे. १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या आमिश पंथाच्या पालकांनी, आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवणार नाही म्हणून, थेट सर्वोच्च न्यायालयात दावा जिंकला. पुढे १९९३ पर्यंत घरी शिकवणे पन्नासही राज्यांत कायदेशीर झाले. उलट जर्मनीत याला बंदी आहे.

आपल्याकडची गोष्ट दोन्हींच्या मधली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. पण ते न करणाऱ्या पालकाला दंड मात्र सांगितलेला नाही. घरी शिकवण्याचा परवाना म्हणून काही मिळत नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे, आणि दहावी-बारावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून देता येते. हे सारे मी त्याला सांगितले. त्याला ते माझ्याहून चांगले ठाऊक होते. विमा कंपनीचा माणूस. जोखमीचा हिशेब त्याने आधीच मांडला होता.

माझे म्हणणे पहिल्या कारणाविषयी होते. श्रद्धेसाठी शाळा सोडावी लागत नाही. वर्धा योजनेतही धर्मशिक्षण नव्हते. त्या वेळी अनेकांनी गांधीजींना त्याबद्दल विचारले. तेव्हा, आज धर्म ज्या रीतीने शिकवले जातात त्याने ऐक्याऐवजी भांडणेच वाढतात, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली होती. पुढे आपल्या घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाने सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांतून धर्मशिक्षण वगळले. म्हणजे हे काम मुळातच घराकडे सोपवलेले आहे. संध्याकाळची वीस मिनिटे त्याला पुरतात, मात्र ती जागेपणी मिळायला हवीत.

शिवाय ख्रिस्ती माणसाने शिक्षणाचा विचार करायचा आणि तोही वर्ध्यात, तर त्याला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण काय? सेवाग्रामच्या हिंदुस्तानी तालिमी संघाचा गाडा ज्यांनी ओढला ते आर्यनायकम् सिलोनचे तमिळ ख्रिस्ती. त्यांच्या पत्नी आशादेवी बंगाली हिंदू. १९४९ पासून दहा वर्षे तेथे काम केलेल्या मार्जोरी साइक्स क्वेकर पंथाच्या. मगनवाडीत ग्रामोद्योगांचा संसार थाटणारे जे. सी. कुमारप्पा तर श्रद्धाळू ख्रिस्ती. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी पुस्तक लिहिले आहे. या माणसांनी आपला धर्म सोडला नाही आणि त्याचे कुंपणही केले नाही. शेजारच्या खेड्यातले पोर आपल्या पोराच्या पंक्तीला बसले की आपला धर्म पातळ होतो, असे त्यांना कधी वाटले नाही.

"तुला मुलीला काही द्यायचं आहे, की कशापासून तरी दूर ठेवायचं आहे?" मी त्याला विचारले. "द्यायचं असेल तर मी येतो. दूर ठेवायचं असेल तर दुसरा मास्तर बघ."

तो चटकन काही बोलला नाही. पत्नी म्हणाली, "थोडं थोडं दोन्ही आहे, सर." तिच्या या उत्तरामुळे मी तयार झालो.

घरी शिकवण्याचे दोन दाखले आमच्या या मातीशी जोडलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींनी आपल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घातले नाही. जोहान्सबर्गला घरापासून कचेरीपर्यंत ते मुलांना बरोबर घेऊन चालत जात आणि वाटेने गुजरातीतून गप्पांतून शिकवत. चित्र मोठे गोड आहे. पण कामाच्या रगाड्यात अक्षरशिक्षणाला रोजचा ठरलेला तास देता आला नाही, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. थोरल्या हरिलालला हे फार लागले. १९११ साली तो बापाचे घर सोडून, शाळेत बसून मॅट्रिक व्हावे म्हणून हिंदुस्थानात आला. पुढच्या शोकांतिकेची कारणे पुष्कळ. पण मला हवे ते शिकण्याची वाट मला ठेवली नाही, हा त्यातला एक काटा होताच.

दुसरा दाखला महादेवभाई देसायांच्या नारायणचा. तोही शाळेत टिकला नाही. साबरमती आणि सेवाग्रामच्या आश्रमांत, वडिलांपाशी आणि आश्रमातल्या माणसांपाशी तो शिकला. याच नारायण देसायांनी पुढे वडिलांचे आणि गांधीजींचे चरित्र लिहिले आणि पदवी नसलेला हा माणूस २००७ साली गुजरात विद्यापीठाचा कुलपती झाला. फरक कशात पडला? मला वाटते, नारायणाला एक बाप नव्हे, डझनभर मास्तर होते. चरखा एकाकडे, इंग्रजी दुसऱ्याकडे, टंकलेखन आणखी कोणाकडे. शिवाय शाळा नको हे तो स्वतः म्हणाला होता. त्याच्या वतीने दुसरे कोणी नव्हे.

म्हणून मी तीन अटी घातल्या. रोजचा तास चुकवायचा नाही. आईबापांखेरीज निदान चार माणसांनी मुलीला शिकवायचे, आणि त्यांतली दोन तरी आपल्या मंडळीबाहेरची असावीत. तिसरी अट, दर वर्षी मे महिन्यात मुलीला विचारायचे, पुढे काय? आणि ती जे सांगेल ते ऐकायचे.

मग घरची शाळा सुरू झाली. सकाळी आजीपाशी गीत आणि स्तोत्र. नंतर वडील कचेरीत जाईपर्यंत गणित. दूधवाल्याचा हिशेब, विजेचे बिल, बसचे तिकीट, सारे तिच्या वहीत. दुपारी आई. त्यासाठी तिने रात्रपाळ्या मागून घेतल्या आणि चौथ्या महिन्यात तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे उमटली. घरी शिकवण्याचा खर्च कोठे पडतो, हे पुस्तकांत फारसे लिहिलेले नसते. शेजारच्या निवृत्त मुसलमान शिक्षकांनी विज्ञान घेतले. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट, रविवारी रविवारची शाळा, आणि शनिवारी मी.

नोव्हेंबरात तिला एका ओळखीच्या शेतावर नेले. पऱ्हाटीची बोंडे तिने मोजली, वेचलेला कापूस घरी आणला, हाताने सरकी सोडवली आणि आजीच्या तराजूत दोन्ही तोलले. तीन भागांत एक भाग रुई आणि दोन भाग सरकी. अपूर्णांक तिला त्या दिवशी समजले. मग टकळीवर सूत, मग कापसाचा भाव, मग शेतकऱ्याला क्विंटलमागे काय सुटते हा प्रश्न. नयी तालीमवाले याला समवाय म्हणतात. मी ते वर्षानुवर्षे वाचले होते. आठ वर्षांच्या मुलीच्या बोटांत ते पाहिले. लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी आम्ही उभे राहिलो, तेव्हा १९२८ साली जमनालाल बजाजांनी हे देऊळ अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले, हे मी सांगितले. "आधी बंद का होतं?" तिने विचारले. त्या एका प्रश्नाला दोन शनिवार लागले.

आणि मराठी? जोडाक्षरे दिवाळीपर्यंत फुटली. नाताळात तिने आजीला ख्रिस्तजन्माचा सबंध अध्याय न अडखळता वाचून दाखवला. म्हातारीने पुस्तक परत घेतले नाही. ते नातीच्याच उशाशी राहिले.

येथे गोष्ट संपवली असती तर ती रविवारच्या शाळेत सांगण्याजोगी झाली असती. पण पहिल्या मे महिन्यात घरीच राहते म्हणालेली मुलगी दुसऱ्या मे महिन्यात काहीच बोलेना. विचारले की "बघू" म्हणे. एके रात्री घरच्या प्रार्थनेत तिची पाळी आली. डोळे मिटून ती म्हणाली, "देवा, मला शाळेत जायचंय. आईबाबांना वाईट वाटू देऊ नकोस. आमेन."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. चेहरा उतरलेला.

"आम्ही कमी पडलो का, सर?"

मी त्याला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण दिली. लग्न झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. घरातच, रेव्हरंड टिळकांच्या हाताखाली, जमेल तसे त्या शिकल्या. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले, पण लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. भांडल्या, रडल्या, विचार केला आणि पाच वर्षांनी, १९०० साली, आपल्या मनाने बाप्तिस्मा घेतला. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिली ती सर्वस्वी आपल्या आवाजात. घरी शिकवणाऱ्याची परीक्षा येथे होते. शिष्याला आपल्याहून वेगळे बोलता आले, तर आपण पास. हरिलालला आपले म्हणणे सांगायला घर सोडावे लागले. या मुलीने ते घरातच, आईबापांदेखत आणि देवापुढे सांगितले.

"कमी पडला असतास," मी म्हणालो, "तर ती गप्प राहिली असती."

त्याला हे पटले असे मी म्हणणार नाही. आठ दिवस तो घुम्यासारखा वागला. आईने मात्र दुसऱ्याच दिवशी शाळांची चौकशी सुरू केली. जून अखेरीस मुलगी जवळच्या मराठी शाळेत पाचवीत दाखल झाली. आज ती सहावीत आहे. बस नाही, शिकवणी नाही, चालत जाते. सकाळचे स्तोत्र आता रात्री गेले आहे आणि शनिवारी ती माझ्याकडे येते, पण एकटी नाही, वर्गातल्या दोन मैत्रिणी घेऊन.

दोन वर्षांची ती घरची शाळा फुकट गेली, असे त्याला अजून अधूनमधून वाटते. आजीला विचारा. परवाच नात वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "आजी, हे मला पटत नाही." म्हातारीने चष्मा सारखा केला आणि विचारले, "का गं? सांग बरं." त्यानंतर दोघींचे जेवण तासभर लांबले.