आमचा कासवांचा संघ

२०१० च्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात, कॉलेज पार्क या गावी राहायला आलो, तेव्हा ‘लॅक्रॉस’ हा शब्द आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. आमचे कुटुंब बाणकोट खाडीच्या काठचे. घरात क्रिकेटशिवाय दुसऱ्या खेळाचा विषय निघत नसे. सात वर्षांनी याच खेळासाठी आम्ही रमजानच्या दुसऱ्या रोज्याला सुमारे सातशे किलोमीटर गाडी चालवत गेलो. “हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं तरी कसं?” असे गावाकडचे नातेवाईक अजून विचारतात. त्यांना फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगितलेली हकीकत इथे एकत्र सांगतो.

आधी खेळाविषयी थोडे. लॅक्रॉस हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ. युरोपातून लोक तिथे येण्याच्या कितीतरी आधीपासून तो खेळला जात होता. हॉडेनोसॉनी, म्हणजे ज्यांना इरोक्वॉय असेही म्हणतात, ते लोक या खेळाला निर्मात्याची देणगी मानतात. फ्रेंचांनी त्याला ‘लॅक्रॉस’ हे नाव दिले. प्रत्येक खेळाडूच्या हातात एक काठी आणि काठीच्या टोकाला जाळीची छोटी झोळी असते. त्या झोळीत रबराचा भरीव चेंडू झेलायचा, घेऊन पळायचे, साथीदाराकडे फेकायचा आणि सहा फूट उंच, सहा फूट रुंद गोलात मारायचा. पुरुषांच्या सामन्यात एका बाजूला दहा खेळाडू असतात: तीन आक्रमणाला, तीन मध्ये, तीन बचावाला आणि एक गोलरक्षक. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. नियम मोडला की खेळाडूला अर्धे किंवा एक मिनिट बाहेर बसावे लागते आणि तेवढा वेळ त्याचा संघ एक माणूस कमी घेऊन झुंजतो. अम्मींनी पहिला सामना पाहिला आणि म्हणाल्या, “अरे, हे तर मासे पकडायच्या जाळ्याने हॉकी खेळतायत.” याहून चांगले वर्णन आम्हाला आजवर जमलेले नाही.

संघ मुलांनी निवडला. मेरीलँड विद्यापीठाच्या सगळ्या संघांना ‘टेरापिन्स’ म्हणतात, लाडाने ‘टर्प्स’. टेरापिन म्हणजे चेसापीक उपसागराच्या मचूळ पाण्यात राहणारे कासव. विद्यापीठाच्या मॅकेल्डिन ग्रंथालयासमोर ‘टेस्टुडो’ नावाच्या कासवाचा ब्राँझचा पुतळा आहे. परीक्षेला जाताना विद्यार्थी त्याच्या नाकावरून हात फिरवतात, त्यामुळे नाक तेवढे चकचकीत झाले आहे. आमचा थोरला तेव्हा आठ वर्षांचा आणि धाकटी पाच वर्षांची. आमच्या गावाजवळ वेळासच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात, हे दोघांनी दादीकडून ऐकलेले. परक्या मुलखात ओळखीचे कुणीतरी भेटावे तसे ते त्या कासवाला बिलगले. त्या दिवसापासून लाल शर्टवाले ते आपले, हे ठरून गेले.

शेजारच्या घरात एक गृहस्थ राहत. मुले त्यांना अंकल म्हणत आणि अम्मी भाईसाहेब. १९७५ साली ते याच विद्यापीठात शिकत होते. त्या वर्षी मेरीलँडचा पुरुष संघ राष्ट्रीय विजेता झाला होता. १९७३ नंतरचे ते दुसरे विजेतेपद. तिसरे लगेच येईल असे सगळ्यांनाच वाटले. पण त्यानंतर १९७६, १९७९, १९९५, १९९७ आणि १९९८ असे पाच वेळा अंतिम सामन्यात पोहोचून संघ पाचही वेळा हरला. अंकल ही सालं बोटांवर मोजून दाखवत. संध्याकाळी अंगणात त्यांनी आमच्या मुलांना काठी धरायला शिकवले आणि आम्हाला नियम. आम्ही राहायला आलो त्याच वर्षी जॉन टिलमन नवे प्रशिक्षक म्हणून आले होते. “आता बघा,” असे अंकल म्हणाले.

आम्ही बघितले. २०११ चा अंतिम सामना बाल्टिमोरला, घरापासून तासाभराच्या आत. सगळे गेलो. व्हर्जिनियाकडून ९-७ असे हरलो. २०१२ मध्ये शेजारच्याच लॉयोला विद्यापीठाने ९-३ असे हरवले. २०१५ मध्ये डेन्व्हरने १०-५. अंकलची एका हाताची बोटे केव्हाच संपली होती. आता दुसराही हात भरत आला.

आणि मग २०१६. फिलाडेल्फियात नॉर्थ कॅरोलिनाशी सामना जादा वेळेपर्यंत गेला. जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकतो. तो गोल त्यांनी केला. १४-१३. १९७५ नंतरचा हा सलग नववा हरलेला अंतिम सामना. आमचा थोरला तेव्हा चौदा वर्षांचा. ओठावर मिसरूड फुटायला लागल्यापासून तो आमच्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलत नव्हता. तो तिथे खुर्चीवर बसून ढसाढसा रडला. अंकलनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आता तू खरा इथला झालास.”

परतीच्या वाटेवर अम्मींनी साधा प्रश्न विचारला, “जे जिंकतात त्यांच्या बाजूने का बसत नाही तुम्ही? तिकीट तर तेवढंच लागतं ना?” यावर थोरला बोलायला लागला. घर येईपर्यंत, जवळजवळ दोन तास, तो दादीला सांगत होता की कुठला खेळाडू कुठे उभा असायला हवा होता, गोलरक्षकाने काय वाचवले, पुढच्या वर्षी कोण राहणार आणि कोण शिकून बाहेर पडणार. आम्ही दोघे पुढच्या सीटवर गप्प बसून ऐकत होतो. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज सलग ऐकला होता. दादीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की नाही, ठाऊक नाही. आम्हाला मिळाले.

२०१७ चा हंगाम फेब्रुवारीत सुरू झाला, तेव्हा आमची मने शांत नव्हती. जानेवारीच्या शेवटी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी करणारा आदेश निघाला होता. आमचा देश त्यात नव्हता, तरी मशिदीत, किराणा दुकानात, शाळेच्या फाटकापाशी तोच विषय. अम्मींनी यावे की न यावे यावर घरात रोज चर्चा. आमच्या घरातल्या बायका डोक्यावर ओढणी घेतात. हजारो लोकांच्या गर्दीत जाऊन बसायचे का, असा प्रश्न त्या वर्षी पहिल्यांदा मनात आला. “यंदा टीव्हीवरच पाहू,” असे म्हणूनही झाले. थोरल्याने ऐकले नाही. “आपली जागा रिकामी दिसेल,” एवढेच म्हणाला.

गेलो. थंडी मी म्हणत होती. गाडी लावतो न लावतो तोच दरवर्षी आमच्या मागच्या रांगेत बसणाऱ्या एक बाई पार्किंगमध्ये समोर आल्या. इथे सामन्याआधी लोक गाडीच्या डिकीत खाणे मांडून गप्पा मारत बसतात. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, “समोसे कुठे आहेत?” आम्ही डबा उघडला. त्या हंगामात आमच्याकडे कुणी वेगळ्या नजरेने पाहिले असेलही. आम्हाला आठवतात ते एवढेच, की चेंडू पकडताना कुणाची काठी चुकली म्हणून सगळी रांग आमच्याबरोबर एकाच सुरात कळवळत होती. मार्चमध्ये अम्मी आल्या आणि लाल शाल गुंडाळून आमच्यात बसू लागल्या.

संघ चांगला होता, पण अजिंक्य नव्हता. वर्षभरात १९ सामने झाले, १६ जिंकले, ३ हरले. चौथ्या वर्षाला शिकणारा मॅट रॅम्बो आक्रमणाचा आधार. २०१५ आणि २०१६ हे दोन्ही अंतिम सामने तो हरला होता, आणि ही त्याची शेवटची संधी होती. उपांत्यपूर्व फेरीत ऑल्बनीला १८-९ असे सहज हरवले. उपांत्य सामना २७ मे रोजी, डेन्व्हरशी. तोच आमचा पहिला रोजा. आम्ही तो घरीच पाहिला. एका बाजूला इफ्तारची भजी आणि फळे कापायची तयारी, दुसऱ्या बाजूला टीव्ही. ९-८ असा एका गोलने जिंकलो. धाकटीचा तो पहिलाच रोजा होता. इतके ओरडल्यावर घसा कोरडा पडला तर चालेल का, असे तिने विचारले. दादीने सांगितले, “ओरडण्याने रोजा तुटत नाही, घोटभर पाण्याने तुटतो.”

अंतिम सामना सोमवारी, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉक्सबरोला, जिलेट स्टेडियमवर. अंकलना यायचे होते, पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे डॉक्टरांनी इतका प्रवास करू दिला नाही. “माझ्या वाटचं तुम्ही बघा,” म्हणाले. रविवारी सकाळी निघालो. मुसाफिराला रोज्यात सवलत आहे, तेव्हा ज्याने त्याने आपापले ठरवले. अम्मींना औषधे असतात. धाकटीला आम्ही समजावले. थोरला मात्र रोजा धरूनच बसला होता. न्यू जर्सीच्या महामार्गावर असतानाच धाकटी फोनकडे बघून किंचाळली. लाँग आयलंडवरच्या स्टोनी ब्रुक इथे मेरीलँडच्या मुलींच्या संघाने बोस्टन कॉलेजला १६-१३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. हंगामातले २३ पैकी २३ सामने त्या जिंकल्या होत्या. धाकटी स्वतः गावातल्या मुलींच्या संघात खेळते, डोक्याला स्कार्फ बांधून आणि डोळ्यांवर जाळीचा चष्मा लावून. ती भावाला म्हणाली, “आमचं झालं. आता तुमचं बघा.”

रात्री रस्त्याकडेच्या एका मोटेलात उतरलो. पहाटे तीनला थर्मासमधला चहा आणि घरून आणलेल्या पोळ्या, अशी सहेरी झाली. दुपारी स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये शेकडो शेगड्या पेटलेल्या आणि हवेत भाजलेल्या मांसाचा वास. मागच्या रांगेतल्या बाई तिथेही होत्या. थोरल्याचा रोजा आहे हे कळताच त्यांनी शेगडी गाड्यांच्या पलीकडे सरकवली. त्याने दहा वेळा ‘गरज नाही’ म्हटले, त्यांनी ऐकले नाही.

समोर ओहायो स्टेट. सामन्याचे वर्णन आम्हाला नीट करता येणार नाही, कारण शेवटचा भाग आम्ही निम्मा डोळे मिटून काढला. एवढे सांगतो की त्या दिवशी बचाव खंबीर होता. एरवी दहा-बारा गोल होणाऱ्या या खेळात ओहायो स्टेटला सहाच करता आले. पुढे असूनही आमच्या बाजूला कुणी हसत नव्हते. नऊ वेळा हरलेली माणसे घड्याळात दहा सेकंद उरेपर्यंत कशावर विश्वास ठेवत नाहीत. भोंगा वाजला. ९-६. बेचाळीस वर्षांनी.

मैदानात पोरे एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. आमच्या आजूबाजूला पांढऱ्या केसांची माणसे उभी राहून रडत होती. थोरला रडला नाही. त्याने खिशातून फोन काढला आणि अंकलना लावला. बराच वेळ पलीकडून काहीच आवाज येईना. मग अंकलनी विचारले, “पोरा, काही खाल्लंस का?” त्याने सांगितले, अजून चार-पाच तास आहेत. “मग मीही थांबतो,” ते म्हणाले.

परतताना सूर्य मावळला तेव्हा आम्ही कनेक्टिकटमधल्या महामार्गालगतच्या एका थांब्यावर होतो. गाडीच्या बॉनेटवर खजूर, भिजवलेले चणे आणि पाणी मांडले. लाल शर्ट घातलेली दोन कुटुंबे आमचे शर्ट पाहून जवळ आली, हात मिळवले. अम्मींनी त्यांच्याही हातावर एकेक खजूर ठेवला. मग आम्ही बाजूच्या गवतावर मगरिबची नमाज पढलो. ते लोक गाडीशी थांबले होते. जाताना म्हणाले, “पुढच्या वर्षी भेटू.”

काही दिवसांनी मॅट रॅम्बो आणि मुलींच्या संघातली झोई स्टुकेनबर्ग या दोघांना वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा तेवाराटन पुरस्कार मिळाला. तेवाराटन हे या खेळाचे मोहॉक भाषेतले नाव. अंकल आता जिन्यावरून सावकाश उतरतात, पण सामना चुकवत नाहीत.

नव्या गावात, नव्या देशात गेलेली आपली अनेक कुटुंबे आहेत. मुले तिथली होतात, आईवडील मात्र वर्षानुवर्षे पाहुण्यासारखे राहतात. कुणी आपल्याला आपले म्हणावे याची वाट पाहतात. आमचा अनुभव एवढाच, की गावच्या सुखात सामील व्हायला कुणीही येतो, त्याची कुणी नोंद ठेवत नाही. गाव हरलेल्या दिवशी तुम्ही तिथे बसलेले होतात, हे मात्र लोक विसरत नाहीत. पाच वर्षांत चार पराभव आम्ही त्यांच्याबरोबर सोसले होते, म्हणून तो विजय आम्हाला कुणी वाटून द्यावा लागला नाही.

२०१८ मध्ये संघ पुन्हा फॉक्सबरोला गेला आणि उपांत्य सामन्यात ड्यूककडून हरला. आम्ही समोसे घेऊन तिथे होतो.