कराड ते कोल्हापूर: लांबी किती, वेळ किती?

मलकापुरातून विमानाने कुठे जायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न निघतो, बसायचे कुठून? नकाशावर उत्तर सोपे आहे. कोयनेचा पूल ओलांडला की वारुंजीजवळ कराडचा विमानतळ. कोयना धरणाच्या कामासाठी १९५० च्या दशकात ही धावपट्टी झाली. दुसरा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीला. तो राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. दोन्हींमधले हवाई अंतर साधारण ७० किलोमीटर. छोटे विमान वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचेल.

पण कराडहून प्रवासी विमान सुटत नाही. धावपट्टी लहान आहे, आणि ती वाढवायची तर आजूबाजूची बागायती जमीन जाते. शेतकऱ्यांचा विरोध मला समजतो. म्हणजे आमच्यासाठी उरला तो महामार्ग. पेठ नाका, किणीचा टोल, शिरोली, मग उजळाईवाडी. रस्ता मोकळा असला तर दीड तास. सहापदरीकरण सुरू झाल्यापासून दीडाचे दोन-अडीचही होतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा तर हेच अंतर कित्येक दिवस पार करता येत नव्हते.

आपल्या फिकहमध्ये हा पेच जुना आहे. हनफी मतानुसार मुसाफिर कोण, तर जो तीन दिवसांच्या वाटेवर निघाला तो. माप वेळेचे होते, पायी आणि उंटाच्या चालीने मोजलेले. पुढे आपल्याकडच्या उलेमांनी त्याचे ४८ मैल केले, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर. तेवढे अंतर तासाभरात कापले तरी चार रकातींच्या फर्जाच्या दोनच होतात. सगळ्यांना एक नियम हवा, म्हणून हे योग्यच. मलकापूर ते उजळाईवाडी मात्र या हिशोबात अगदी काठावर येते.

मय्यतीच्या घरात हिशोब पुन्हा तासांवर येतो. आमच्या चाचांचा इंतकाल पहाटे झाला. थोरला मुलगा दुबईत. दफन विनाकारण लांबवू नये, हे सर्वांना ठाऊक. मुलाने बापाला माती द्यावी, हेही सर्वांना वाटत होते. दुबई ते मुंबई विमानाने तीन तास. मुंबई ते मलकापूर रस्त्याने सहा-सात. कोल्हापूरचे विमान त्याच्या वेळेला जुळत नव्हते. असरनंतर जनाजा उठला, तेव्हा तो पनवेलही ओलांडून आला नव्हता. चाचींनी फोन मागून घेतला आणि म्हणाल्या, “बेटा, माती झाली. आता गाडी पळवू नको. सावकाश ये.”

आखातात माणूस असलेली घरे कराड-मलकापुरात, सांगलीत, कोकणात पुष्कळ आहेत. विमानतळाच्या घोषणा झाल्या की आपण किती किलोमीटरवर, हे मोजतो. त्याऐवजी विचारायला हवे, तिथून विमान कुठे जाते, आठवड्यातून किती वेळा, आणि मुंबईला उतरलेल्या माणसाला पुढचे विमान मिळते का. कोल्हापूरला धावपट्टी आहे, २०१८ पासून उडान योजनेत विमानेही आहेत. मुंबईशी वेळा नीट जुळवल्या, तर कुणाचेही शेत न घेता चार-पाच तास वाचतील. एखाद्या मुलाला तेवढे पुरतात.