नावाची जागा

पायथन या संगणकाच्या भाषेतल्या सेटचा एकच बाणा असतो: आत कुठलीही गोष्ट दोनदा राहणार नाही. तेच नाव शंभरदा टाका, उरतं एकदाच. पुणे जिल्ह्यातल्या गावांच्या दोन जुन्या याद्या मी एकत्र करत होते तेव्हा म्हणूनच सेट हाताशी घेतला होता. त्यातून बाहेर पडलेल्या यादीत गोऱ्हे बुद्रुक एकाखाली एक दोनदा उभं होतं. गोऱ्हे खुर्द वेगळं गाव आहे, तेही यादीत होतं. ही दोन्ही मात्र बुद्रुकच, खडकवासल्याच्या पाण्याकाठची. अक्षरं मोठी करून पाहिली. काना, मात्रा, अर्धा र, सगळं तंतोतंत सारखं.

मग दोन्हींतल्या पहिल्या शब्दाची लांबी विचारली. एकाचं उत्तर आलं ६, दुसऱ्याचं ७.

संगणकावर ज्यांनी पुष्कळ मराठी टंकलं आहे त्यांना अंदाज आला असेल. वाऱ्यावरचा, पायऱ्यांतला, दऱ्याखोऱ्यांतला हा अर्धा र युनिकोडमध्ये तीन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेनं ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. दुसऱ्या वाटेनं साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तिसऱ्या वाटेनं साधा र, हलन्त आणि त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला रुंदीच नसते. तिन्ही पडद्यावर सारखीच दिसतात. पहिल्या दोन वाटा युनिकोडच्या लेखी समान आहेत आणि पायथनमधली एक तयार सोय त्यांना एकरूप करून देते. तिसरी वाट त्या सोयीतून जशीच्या तशी पलीकडे निघून जाते. बरं, ते अदृश्य चिन्ह सरसकट पुसावं तर ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं, सह्याद्रीतून थेट समुद्रात. म्हणून आधी त्याच्यापुढचा र बदलून ऱ करायचा आणि मगच चिन्ह काढायचं. मराठी नावं ज्यांच्या कामात रोज सेटमध्ये नाहीतर डिक्शनरीत जातात, त्यांनी एवढी एक ओळ प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला लिहून ठेवावी. आपल्याकडची कितीतरी आडनावं या अर्ध्या र वर उभी आहेत, आणि एका माणसाची दोन माणसं होणं ही कुठल्याही यादीत लहान गोष्ट नसते.

गोऱ्हे मिटलं, तरी मी सेटच्या आत डोकावत बसून राहिले.

सेट आणि डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक किल्लीसमोर तिची माहिती ठेवणारी रचना, दोन्ही एकाच विद्येवर चालतात. शब्द हातात आला की पायथन त्याचा हॅश काढतो, म्हणजे त्यातले सगळे बाइट घुसळून एक भलामोठा आकडा तयार करतो. त्या आकड्याच्या शेपटीवरून कप्पा ठरतो. आपण सगळे जो पायथन वापरतो त्यात डिक्शनरीचं टेबल ८ कप्प्यांनी सुरू होतं. दोन-तृतीयांश भरत आलं की ती मोठं घर घेते आणि सगळ्यांना नव्यानं जागा वाटते. शोधायला आलात की पुन्हा तोच हॅश, तोच कप्पा. आत दहा नावं असोत की दहा लाख, सापडायला साधारण तेवढाच वेळ. साध्या लिस्टमध्ये पहिल्यापासून एकेकाला विचारत जावं लागतं. इथे काही जागा कायम रिकामी राखली जाते आणि तिच्यातूनच वेग येतो. मला या रचनेतलं हे सगळ्यात सुंदर वाटतं. काटकसरीच्या माणसाला तो रिकामा भाग उधळपट्टी वाटेल, पण तो भरून काढला तर एकमेकांचा धक्का लागल्यावाचून कुणाला जागाच मिळणार नाही.

दोघांना एकच कप्पा मिळाला तर? मिळतोच. मागून आलेला ठरावीक गणितानं पुढचा कप्पा शोधतो. -१ आणि -२ या दोघांचाही हॅश -२ येतो, कारण आतल्या सी भाषेतल्या कोडमध्ये -१ हा काहीतरी बिघडल्याचा इशारा म्हणून राखून ठेवलेला आहे. तरीही एका सेटमध्ये दोघं सुखानं राहतात. हॅश जुळला म्हणून पायथन तिथे थांबत नाही, दोन्ही किमती समोरासमोर ठेवून त्या खरंच समान आहेत का ते पाहतो. आकडा जुळला की माणूस तोच, असं धरून चालणारी व्यवस्था मला कधीच पटलेली नाही. या बाबतीत पायथन तिच्यापेक्षा पुष्कळ सज्जन आहे.

हॅशवरून कप्पा ठरवायची कल्पना जानेवारी १९५३ मध्ये आयबीएमच्या एका अंतर्गत टिपणात मांडली गेली. मांडणारे हान्स पीटर लून मूळचे जर्मन. संगणकाकडे वळण्याआधी ते कापडाच्या धंद्यात होते आणि कापडाचे धागे मोजायचं एक उपकरण त्यांनी बनवलं होतं. क्रेडिट कार्डाचा शेवटचा आकडा ज्या हिशेबानं तपासला जातो तोही त्यांचाच. धागे मोजणाऱ्या माणसाला कप्पे सुचावेत, यात मला एक सरळ संगती दिसते.

कप्पा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मात्र आरएमएसच्या डब्यातले खण येतात.

माझे मामा भुसावळला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. त्यांची गाडी रात्री असायची. फलाटावर गाडी थांबली की तो लाल डबा लांबूनच ओळखू यायचा, कारण त्याच्या अंगावर पत्र टाकायची फट होती. डाकघराची वेळ टळलेली माणसं धावत येऊन जादा पैशांचं तिकीट लावून त्या फटीत पत्र सोडत. आम्हा मुलांना आत जायची परवानगी नव्हती, दारातून जेवढं दिसेल तेवढं पाहायचं. दिव्याच्या पिवळ्या उजेडात भिंतभर लाकडी खण, त्यांच्यावर चिकटवलेल्या गावांच्या चिठ्ठ्या, खाली तोंड बांधलेल्या कॅनव्हासच्या थैल्या आणि लाखेचा वास. मामा उभे. गाडी हलली तरी उभेच. डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, उजवा हात खणांकडे. हात जाई तिकडे ते बघत नसत, नजर पुढच्या पत्राच्या शेवटच्या ओळीवर गेलेली असे.

घरी आले की ते आम्हाला गावं विचारत. पाढे फारसे कधी विचारले नाहीत, गावं मात्र हमखास. पिंपळगाव कुठलं? आम्ही काहीतरी सांगायचो आणि ते हसून विचारत, “अरे, पण कुठलं पिंपळगाव?” बसवंत निफाड तालुक्यातलं, हरेश्वर पाचोऱ्याचं, रेणुकाई भोकरदनचं. वडगाव म्हणशील तर मावळातलं एक, निंबाळकरांचं बारामतीकडचं एक, कोल्हापूरकडचं पेठ वडगाव आणखी वेगळं. लिहिणारा माणूस आपल्या घरचं पत्र लिहितो. त्याच्या मनात एकच पिंपळगाव असतं, म्हणून तो नुसतं पिंपळगाव लिहून मोकळा होतो. जगात आणखी पिंपळगावं आहेत हे त्याला कशाला आठवेल? मग मामा पत्र कुठे टाकलं त्याचा शिक्का बघत, मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं आडनाव असेल तर ते बघत, शाई आणि वळणसुद्धा बघत. तेवढ्यावरून ते खण निवडत. अशी पत्रं ते गठ्ठ्याच्या शेवटी ठेवत, घाईत नको म्हणून. एखाद्या पत्रावर पत्ता गुजरातीत असे, एखाद्यावर उर्दूत. डब्यात त्या लिप्या वाचणारं कुणीतरी असलं तर बरं, नाहीतर ते पत्र पुढच्या माणसाची वाट पाहत बसे. नीट पत्ता नसलेलं पत्रही कुणाच्या तरी आईला आलेलं असतं, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते त्यांनी नोकरीभर पाळलं.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते. कोकणातला हा माणूस संस्कृत कवी आणि नाटककारही होता. सारख्या नावांची गावं, चुकीचे पत्ते आणि एका देशातल्या अनेक लिप्या, या सगळ्यावर त्यांनी सहा आकड्यांचा उपाय काढला. पहिला आकडा ४ असला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडकडे चाललंय. पहिले तीन ४११ असले की पुणे, ४२२ असले की नाशिक, ४०३ असले की गोवा. पिंपळगाव बसवंताला ४२२२०९ मिळाला आणि मामांच्या गठ्ठ्यातली शेवटी ठेवायची पत्रं कमी कमी होत गेली. त्यानंतर आमच्या घरातून पिन न लिहिलेलं पत्र बाहेर पडायची सोय राहिली नाही. लग्नपत्रिकांच्या वेळी मामा स्वतः बसून सगळे पिन तपासत.

पिन आणि हॅश यांत एक मोठा फरक आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. पिनमध्ये शेजार टिकतो. जवळच्या गावांचे आकडे जवळ असतात, आकड्यावरून दिशा कळते. हॅश शेजार मुद्दाम मोडतो. एका अक्षराचा फरक पडला की आकडा कुठच्या कुठे जातो, सारखी दिसणारी नावं लांब लांब फेकली जातात आणि त्यामुळे एकाच कोपऱ्यात गर्दी होत नाही. वेलणकरांना पत्र पुढच्या गाडीत चढवायचं होतं, त्यांना शेजार हवाच होता. लून यांना नुसतं सापडायला हवं होतं.

पिंपळगावांचा प्रश्न डिक्शनरीत जसाच्या तसा उभा राहतो, तोही जास्त गंभीरपणे. ‘पिंपळगाव’ या किल्लीखाली निफाडची माहिती ठेवली आणि नंतर त्याच किल्लीखाली पाचोऱ्याची ठेवली, तर पहिली नाहीशी होते. कसलीही सूचना नाही, तक्रार नाही. म्हणून गाव, तालुका आणि जिल्हा अशी तिघांची मिळून टपल, म्हणजे नंतर बदलता न येणारी जुडी, करायची आणि ती किल्ली म्हणून वापरायची. हेच तिन्ही शब्द लिस्टमध्ये घालून दिले तर पायथन ते स्वीकारत नाही, जागच्या जागी अडवतो. शिकाऊ मुलं या नकारावर फार चिडतात. पण लिस्ट नंतर बदलता येते. खणात टाकलेल्या पत्रावरचा पत्ता आत गेल्यावर बदलू लागला तर ते पत्र मामांनासुद्धा सापडलं नसतं. किल्लीनं बदलायचं नाही, ही अट पाळली तरच बाकी सगळा वेग मिळतो. शिकवणाऱ्यांनी हे कारण पहिल्याच दिवशी सांगावं असं मला मनापासून वाटतं. नियम नुसता पाठ करून घेतला की तो टोचत राहतो.

क्रमाचं काय, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. डिक्शनरीत घातलेल्या गोष्टी कुठल्या क्रमानं बाहेर येतील याचा भरवसा नसे. डिसेंबर २०१२ मध्ये रेमंड हेटिंगर यांनी सुचवलं की खऱ्या नोंदी आल्या तशा ओळीनं ठेवाव्यात आणि विरळ टेबलात फक्त त्यांचे क्रमांक असावेत. हेतू जागा वाचवण्याचा होता. इनाडा नाओकी यांनी ते प्रत्यक्षात उतरवलं आणि २०१६ च्या डिसेंबरात आलेल्या पायथन ३.६ मध्ये डिक्शनरी आधीपेक्षा २० ते २५ टक्के कमी जागेत बसू लागली. क्रम आपोआप टिकू लागला, आणि २०१८ मध्ये ३.७ आला तेव्हा तो भाषेचा कायमचा शब्द झाला. जागा वाचवायला निघालेल्या माणसांच्या हाती क्रम लागला, हे मला फार लोभस वाटतं.

सेटला मात्र तो क्रम मिळाला नाही. शब्दांचा सेट आज एका क्रमानं छापला जातो आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला की दुसऱ्याच. त्याला कारण आहे. २०११ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत दोन संशोधकांनी दाखवून दिलं की एकाच कप्प्यावर आदळणारे शब्द मुद्दाम निवडून पाठवले तर मोठमोठे सर्व्हर गुदमरतात. पुढच्याच वर्षी पायथन ३.३ मध्ये शब्दांच्या हॅशमध्ये दर वेळी नवं गुपित मिसळायची पद्धत आपोआप लागू झाली. सेटचा विस्कळीतपणा त्या बंदोबस्ताची खूण आहे, म्हणून मला तो आवडतो. शिवाय सेटला आपण विचारतो ते क्रमाबद्दल नसतंच. या यादीत आहेत पण त्या यादीत नाहीत अशी गावं कोणती? दोन्हींत आहेत ती कोणती? एक वजाबाकीचं चिन्ह, एक ‘आणि’चं चिन्ह, आणि दोन खानेसुमाऱ्यांमधली हरवलेली गावं समोर येतात.

संगणक हाताशी असेल तर एक करून पाहा. डिक्शनरीत पूर्णांक १ या किल्लीसमोर काहीही लिहा. मग १.० या किल्लीसमोर दुसरं काही, आणि ट्रू या किल्लीसमोर तिसरं. पायथनच्या लेखी तिन्ही समान आहेत, तिघांचा हॅशही एकच. नोंद एकच उरते: किल्ली पहिली, मजकूर शेवटचा.