जुन्या यंत्राला नवा प्राण

बिघडलेली वस्तू लगेच टाकून द्यावी, ही वृत्ती मला मानवत नाही. रहिमतपूरला माझ्या पुतण्याचा बिनतारी गेम कंट्रोलर पाच वर्षांच्या वापराने थकला होता. रात्रभर चार्जिंगला लावूनही तो अर्ध्या तासात मान टाकी. नव्यासाठी पुतण्या डब्यातले साठवलेले पैसे मोजू लागला. मी म्हटले, "अरे, म्हातारी झाली आहे ती बॅटरी, यंत्र अजून तरुण आहे!"

कंट्रोलर बंद करून आम्ही मागचे चार स्क्रू काढले. आत लिथियम-आयन बॅटरी होती. अशा बॅटऱ्या १९९१ साली बाजारात आल्या. त्यांच्या विकासाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वापरागणिक त्यांची साठवणशक्ती घटत जाते. तो त्यांचा धर्मच आहे. मात्र बॅटरीला टोचले किंवा वाकवले, तर ती पेट घेऊ शकते. म्हणून तारा न ओढता पुतण्याने तिची पिन अलगद सोडवली आणि तितक्याच व्होल्टची, त्याच मापाची नवी बॅटरी बसवली. जुनी आम्ही ई-कचऱ्यासाठी वेगळी ठेवली.

कंट्रोलरचा दिवा लागला. डब्यातले बरेचसे पैसे डब्यातच राहिले. विकत घेतलेली वस्तू आपली असतेच. पण आपल्या हातांनी दुरुस्त केलेली वस्तू अधिक आपली होते.