पहिलं गाणं आणि त्यानंतरचं

मैत्रिणींनो, नव्या सुनेचा पहिला स्वयंपाक आठवतो ना? वरण जरा अळणी झालं की "हिला काही येत नाही", आणि पुरणपोळी साधली की "सुगरण आहे हो पोरगी!" एका जेवणावर पुढच्या कितीतरी वर्षांचा निकाल. गाण्यांच्या दुनियेतही हेच चालतं. नाव ना गाव अशा नव्या बँडचा पहिला अल्बम येतो, लोक पहिलं गाणं लावून बघतात. आवडलं तर पुढचं, नाहीतर कॅसेट परत डबीत!

तुम्ही म्हणाल, जवळा बाजारात बसून हिला हे रॉक बँडचं खूळ कुठून लागलं? आमच्याकडे बँड म्हणजे वरातीतला. पण माझा भाचा पुण्याला शिकायला होता, तो सुट्टीत कॅसेटी आणायचा. तूर निवडता निवडता त्या माझ्याही कानावर पडायच्या.

त्यातली एक मी विसरलेली नाही. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातली चार पोरं, बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ'. पुढे त्यांचं नाव जगभर झालं, पण १९७० साली पहिला अल्बम निघाला तेव्हा त्यांना फारसं कोण ओळखत होतं? पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला शब्द नाहीत, वाद्य नाही. नुसता पाऊस, ढगांचा गडगडाट आणि दूरवर चर्चची घंटा. मग गिटार असं काही गरजतं की हातातलं सूप तसंच राहतं! गिटार वाजवणाऱ्याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या यंत्रात तुटली होती. त्यानं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पुन्हा वाजवायला लागला. आपण रिकामी बाटली भंगारात टाकतो, बघा!

आपल्या मुंबईतही 'रॉक मशीन' नावाच्या बँडनं १९८८ साली पहिला अल्बम काढला, तोही स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांचा. हिंदी सिनेमाच्या गाण्यांपुढे असं काही घेऊन उभं राहायचं, तर छाती हवीच.

पहिल्या गाण्याला आणखी एक मान असतो. मोठी तबकडी फिरते तेव्हा सुई कडेकडून आत सरकते. कडेचा घेर मोठा, त्यामुळे तिथे सुईखालून खाच दुपटीहून जास्त वेगानं जाते आणि आवाज अधिक स्वच्छ उमटतो. म्हणजे पहिल्या गाण्याला जागाच चांगली. शेवटचं गाणं आतल्या अरुंद घेरात कसंबसं बसतं. घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलेल्या जागेत बसणारी कोण असते, हे तुम्हाला सांगायला नको!

आता मनातलं सांगते. मला बघायला आले तेव्हा, "मुलीला गाता येतं का?" असं विचारलं. मी एक भावगीत म्हटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, लग्न ठरलं. त्यानंतर इतक्या वर्षांत दुसरं गाणं कुणी विचारलं नाही. सासर वाईट होतं असं मुळीच नाही हं. सगळी माणसं प्रेमाची. पण त्यांच्या लेखी माझं गाणं त्या दिवशीच ऐकून झालं होतं. आणि मला तर अजून कितीतरी गाणी येत होती!

ऐकण्याच्या बाबतीतही आपलं तेच. कॅसेट लावावी, पहिलं गाणं संपतं न संपतं तोच दूध उतू जायला येतं, नाहीतर दारात कुणी हाक मारतं. १९९८ साली मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा 'गारवा' घरोघरी वाजत होता. शीर्षकगीताआधी सौमित्र कविता म्हणतात, ती माझ्या कितीतरी मैत्रिणींना तोंडपाठ. त्याच अल्बममधलं एखादं शेवटचं गाणं सांगा म्हटलं, की सगळ्या गप्प!

म्हणून एक सुचवते. आता गाणी मोबाईलवर आहेत, कॅसेट उलटायचाही त्रास नाही. आठवड्यातून एका दुपारी कुकर उतरवून, गॅस बंद करून बसा आणि एखादा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. आणि घरात नवी सून असेल तर तिला एवढंच विचारा, "बाई, तुला आणखी काय काय येतं गं?" उत्तर ऐकायला मात्र तिच्याजवळ निवांत बसा.