घुबडाची पिसं

"मला घुबड व्हायचंय," लेकीनं सप्टेंबरातच सांगून टाकलं. चार वर्षांची पोर. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मानच पार मागे वळवतं, हे शाळेत ऐकून आल्यापासून हाक मारली की ती आधी मान वळवायची, मग अंग.

साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. "अगं, ऐन दिवाळीत घुबड कशाला? परी कर तिला." तिचा जीव का घाबरा झाला ते मला कळत होतं. २०२४ साली हॅलोवीन आणि आमचं न्यू जर्सीतलं लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं, ३१ ऑक्टोबरला. आणि घुबड छपरावर बसलं तरी हाकलायचं, हे आमच्या घरातलं शिक्षण. लक्ष्मीचं वाहन घुबडच ना, असं मी म्हटलं. "असेल," आई म्हणाली आणि विषय बदलला.

दुकानात तयार पोशाख मिळतात, चांगले मिळतात. पण त्यात मूल पाच मिनिटांत घुबड होतं. मला तिला हळूहळू घुबड होताना बघायचं होतं.

एक करडी हूडी घेतली. पिसांसाठी आईची विटून मऊ झालेली इरकल, नवऱ्याचा जुना सुती शर्ट आणि लेकीचंच तान्हेपणीचं दुपटं. आमटीची वाटी पालथी घालून मी खडूनं गोलाई आखायची, लेक ते तुकडे रंगांप्रमाणे लावायची. पहिल्या रात्री गळ्यापासून खाली शिवत आले आणि फसले. प्रत्येक ओळ शिवताना वरची ओळ उचलून धरावी लागे, टाके उघडे पडत. सगळं उसवलं. मग माहेरची कौलं आठवली. कौलं वळचणीपासून वर चढत जातात, म्हणजे वरचं कौल खालच्याचं डोकं झाकतं. तसंच केलं. खालची ओळ आधी, तिच्या टाक्यांवर वरची.

कडा मुद्दाम दुमडल्या नाहीत. घुबडाच्या पिसांनाही बारीक झालर असते, तिच्यामुळेही ते आवाज न करता उडतं. इरकलीचे धागे सुटत गेले आणि तशीच झालर झाली. लेकीनं हात हलवून, कान देऊन ऐकलं. "नाही आला आवाज."

शिवता शिवता पिंगळा आठवला. आयरिश आणि स्कॉटिश लोकांनी एकोणिसाव्या शतकात हॅलोवीन इथे आणला. तिकडे ते सलगम कोरायचे, इथे भोपळा आला. हॅलोवीनला दारोदार फिरणारी पोरं मला पिंगळ्यामुळेच परकी कधी वाटली नाहीत. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन आमच्या दारी येणारा पिंगळा म्हणायचा, मला पिंगळ्याची, म्हणजे त्या छोट्या घुबडाचीच, भाषा कळते. आई लगबगीनं उठून सुपातून धान्य आणायची. घुबडाच्या नावानं आलेल्याला तिनं कधी रिकाम्या हाती पाठवलं नाही.

हॅलोवीनच्या संध्याकाळी थंडी नव्हतीच, उलट उकडत होतं. पूजा आटोपली. पंखांना धग लागू नये म्हणून पणत्या उंच कठड्यावर ठेवल्या, भोपळ्यात बॅटरीचा दिवा. तिसऱ्या घरापाशी लेकीला इतकं गरम झालं, की तिनं टोपी मागे सारली. टोपीवर शिवलेले दोन मोठे डोळे आता तिच्या पाठीवरून माझ्याकडे बघू लागले. मान पूर्ण वळवलेलं घुबड माझ्यापुढे चाललं होतं.

ती त्याच पोशाखात झोपली. सकाळी फोन वाजला तेव्हा साताऱ्यात दिवेलागण झाली होती, तिकडचं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. आई पाटासमोर बसलेली. स्क्रीनवर घुबड बघून क्षणभर थांबली.

"जवळ ये बाळा. तो छातीवरचा लाल तुकडा... माझ्या इरकलीचा पदर ना गं?"

लेकीनं पंख पसरले. आईनं कुंकवाचं बोट आधी लक्ष्मीला लावलं, मग फोनच्या काचेवर टेकवलं.